खालचा डावा कोपरा

मित्रांनो, मी दगड आहे. सहा फूट रुंद, चार फूट उंच, लाकडी चौकटीत बसवलेला काळसर निळा दगड. लोक मला फळा म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणीतून मला कापून काढलं. त्याच्या फार फार आधी मी समुद्राच्या तळाचा चिखल होतो. अजूनही घर शांत असलं, की मला अंगावरून पाणी सरकल्याचा भास होतो.

माणसं आपली गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगतात. मला तसं जमत नाही. माझ्यावर लिहिलं जातं, पुसलं जातं, आणि पुसलेल्यावर पुन्हा लिहिलं जातं. त्यामुळे मला तारखा आठवत नाहीत, जागा आठवतात. माझ्या अंगावरच्या जागा. तुम्हीही माझी गोष्ट तशीच ऐका, जागेजागेने.

वर, उजवीकडे

इथे तारीख लिहीत. रोज सकाळी नवी. मिशिगनमधल्या एका शाळेत मी सत्तर वर्षं होतो. किती मुलांची बोटं माझ्यावरून फिरली, त्याची मोजदाद नाही. मग पांढरे, गुळगुळीत फळे आले. आम्हाला शाळेमागच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं आणि वर कागद चिकटवला, ‘फुकट आहे, घेऊन जा.’ तीन दिवस कोणी आलं नाही. तीन दिवस माझ्यावर कोणी तारीख लिहिली नाही. त्यामुळे ते तीन दिवस अजून संपलेच नाहीत, असं मला अधूनमधून वाटतं.

चौथ्या दिवशी शशिकांत दातार आले. ते ट्रॉय गावात राहत आणि मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. तीन मित्रांना हाताशी घेऊन त्यांनी मला घरी नेलं. दारात त्यांच्या पत्नी शैलजाबाई उभ्या होत्या.

“अहो, हे काय आणलंत?”

“फळा.”

“ते दिसतंय मला. पद्मिनीला वाढदिवसाला सायकल हवी होती.”

“सायकल चोरीला जाते. हा उचलायलाच चार माणसं लागतात.”

पायऱ्यांवर त्यांची नऊ वर्षांची मुलगी पद्मिनी बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. फार वेळ. मला वाटलं, हिला मी आवडलो नाही. नंतर कळलं, ती सगळ्याच गोष्टींकडे फार वेळ बघते.

मधोमध

शाळेत पद्मिनी हळू समजली जायची. पाढ्यांची परीक्षा घड्याळ लावून घेत, आणि घड्याळ थांबलं की तिचा कागद अर्धा कोरा असे. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. शशिकांतरावांनी ती वाचली, खिशात घातली आणि पोरीला घेऊन खाली बेसमेंटमध्ये माझ्याकडे आले. त्यांनी माझ्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. शहराचे रस्ते. मधोमध एक घर काढलं.

“एक माणूस घरातून निघतो,” ते म्हणाले. “प्रत्येक चौकात नाणं उडवून कुठे वळायचं ते ठरवतो. डोक्याने नाही, नुसतं नाण्याने. तो घरी परत येईल का?”

पद्मिनीने बराच वेळ रस्त्यांकडे बघितलं. मग त्या माणसाला टोपी काढली. “बाबा, इज ही लॉस्ट?”

“माहीत नाही. बघ की.”

त्या दिवसापासून तो माणूस माझ्यावर चालू लागला. खडूचा एकेक ठिपका, एकेक चौक. कधी लवकर परते, कधी चौकटीपर्यंत जाई आणि मग कडेच्या लाकडावरही ठिपके उमटत. जेवायला हाका आल्या तरी तो चालतच असे. दिवा मालवल्यावरही मला त्याची पावलं हलकीशी जाणवत.

मित्रांनो, तीच पद्मिनी पुढे गणिती झाली. कॉलेजात असताना तिचा फोन आला, तेव्हा शशिकांतराव मुद्दाम खाली येऊन माझ्यासमोर उभे राहून बोलले. पलीकडून ती ओरडत होती, “बाबा, तो येतो! सपाट शहरात तो कधी ना कधी नक्की येतो! लोकांना हे शंभर वर्षांपासून माहीत आहे!”

“अगं, मग आधी सांगायचं ना,” शशिकांतराव म्हणाले. “इतकी वर्षं त्याच्या वाटणीची पोळी आम्हीच खाल्ली.”

पण तिचा प्रश्न तिथे संपला नाही. रस्तेच बदलत असतील तर? काही रस्ते बंद होत असतील, काही नवे उघडत असतील, तर तो माणूस परत येईल का? हे कोणालाच ठाऊक नव्हतं. या एका प्रश्नासाठी ती सहा वर्षांत तीन गावं फिरली, आणि शेवटी शिकागोजवळच्या एका विद्यापीठात प्राध्यापक झाली. नेपरव्हिलला तिने घर घेतलं. शशिकांतरावांनी मला ट्रकमध्ये घालून ट्रॉयहून तिथे आणलं. आमचा तो शेवटचा एकत्र प्रवास. दोन वर्षांनी ते गेले, आणि शैलजाबाई मुलीकडे राहायला आल्या.

इथल्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. हिवाळ्यात बाहेर बर्फ साचला, की त्याचा उजेड माझ्यावर पडतो आणि मी काळा उरत नाही. तेव्हा पद्मिनी खडू हातात धरून नुसती उभी राहते. लांबून शहराकडे जाणारी गाडी वाजते. त्या अर्ध्या तासात ती एक अक्षरही लिहीत नाही. सगळ्यात जास्त काम त्याच अर्ध्या तासात होतं, हे मला माहीत आहे.

खाली, डावीकडे

आता मी तुम्हाला माझ्या सगळ्यात महत्त्वाच्या जागेवर आणलं आहे.

पद्मिनीची एक रीत होती. जे सिद्ध झालं, ते मधोमध. जे अजून दाखवायचं राहिलं, ते खालच्या डाव्या कोपऱ्यात, एका चौकटीत. कोपऱ्यातला प्रश्न सुटला, तरच त्याला मधोमध यायची परवानगी. गणिती लोक आपल्या फळ्यावर ‘पुसू नका’ असा कागद लावतात. विद्यापीठात खोल्याच्या खोल्या अशा कागदांनी भरलेल्या असतात म्हणे. माझ्यावरही तो होता, इंग्रजीत, ठळक अक्षरांत. त्याखाली तीन वर्षांचं काम उभं होतं, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत फक्त एक ओळ उरली होती:

रस्ते बंद होण्याचा वेग वाढत गेला तर?

त्या ऑक्टोबरात पद्मिनी दोन दिवस बॉस्टनला परिषदेसाठी गेली. दुसऱ्या दिवशी दसरा होता.

सकाळी शैलजाबाई खोलीत आल्या. न्हालेल्या, कपाळाला कुंकू. स्वयंपाकघरातलं स्टूल त्यांनी माझ्यासमोर ठेवलं, त्यावर झेंडूच्या फुलांचं तबक. मग कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

“तीन वर्षं अंघोळ नाही तुला,” त्या म्हणाल्या. “आज सगळ्या जगाच्या पाट्या पुजतात, आणि तू असा पारोसा.”

त्यांनी कागद वाचला नाही असं समजू नका. पंचवीस वर्षं त्यांनी सार्वजनिक वाचनालयात काम केलं होतं. सूचनांचा आदर त्यांच्याइतका कोणी करत नसेल. म्हणून त्यांनी आधी फोन काढला आणि माझा फोटो घेतला. नीट, सरळ, चारही कडा धरून. मग कोमट पाण्यात फडकं बुडवलं.

फोटोत सगळं आलं. फक्त स्टूल डावीकडे होतं, आणि त्यावर झेंडू उंच रचलेला होता.

मित्रांनो, ते पाणी मला आवडलं. लपवून काय करू? फडकं फिरत गेलं, खडू विरघळला, आणि मी पुन्हा समुद्राच्या तळाशी गेलो. कोपरा कधी पुसला गेला, ते मला कळलंसुद्धा नाही. मग शैलजाबाईंनी माझ्या मधोमध एकाचे आकडे जोडून, पाटीवर काढतात तशी सरस्वती काढली. एवढा सुंदर मी आधी कधी दिसलो नव्हतो.

संध्याकाळी पद्मिनी आली. बॅग तिच्या हातातून खाली पडली.

“आई! व्हॉट डिड यू डू?”

“फोटो काढलाय.”

“इट सेज डू नॉट इरेज!”

“वाचता येतं मला. दसऱ्याला पाटी कोरी करून पुजायची असते. तू पुसून गेली असतीस, तर मला पुसावी लागली नसती.”

“आई, यू आर इम्पॉसिबल.”

“आपट्याचं पान घे आधी. सोनं घ्यावं आज, भांडू नये.”

पान आपट्याचं नव्हतं, मागच्या अंगणातल्या कुठल्याशा झाडाचं होतं. पद्मिनीने ते घेतलं. तिला हसू आलं, आणि रागही तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी फोटो समोर ठेवून ती सगळं माझ्यावर पुन्हा उतरवू लागली. या वेळी अक्षर फार छान आलं. ओळी सरळ, खाडाखोड नाही. शेवटी ती खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी आली. फोटोत तिथे झेंडू होता.

ती थांबली. तिथे काय लिहिलं होतं, ते तिला आठवेना. मी श्वास रोखला. दगड जेवढा रोखू शकतो तेवढा.

मग ती वळली, आणि मधोमध, त्या देखण्या ओळींमध्ये, जिथे एक पायरी हवी होती तिथे, तिने एक शब्द लिहिला: ‘उघड’.

गणिती लोक ‘उघड’ लिहितात, तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, की हे सगळ्यांना दिसतंच आहे, दाखवायला नको. बहुतेक वेळा तसं असतंही.

मी ओरडू शकत नाही. खडू करकरतो, पण तोही कोणी दाबला तर.

(इथे चार वर्षं आहेत. ती कौतुकाची होती. पुसटच राहू देत.)

पुन्हा मधोमध

या कामात पद्मिनीचा एक भागीदार होता, यतीन. मूळचा नागपूरचा. तोही गणितीच, पण पुढे नोकरीसाठी कॅलिफोर्नियात सांता क्लाराला एका टेक कंपनीत गेला. स्टुलावर लॅपटॉप ठेवला, की तो त्यातून माझ्याकडे बघे. यतीनने सगळी आकडेमोड तपासली होती. ‘उघड’ या शब्दापाशी त्याला वाटलं, पद्मिनीने दाखवलं असेल. पद्मिनीला वाटलं, मधोमध आहे म्हणजे कोपऱ्यातून सुटूनच आलं असणार. तिच्याच रीतीने तिला फसवलं. लेख छापून आला. तपासणाऱ्यांनाही काही दिसलं नाही. पद्मिनीला बढती मिळाली, विद्यापीठाच्या मासिकात माझ्यासमोर उभं राहून काढलेला तिचा फोटो आला. आणि पुढच्या जानेवारीत गणितींच्या वार्षिक मेळाव्यात तासाभराचं मोठं व्याख्यान द्यायचं बोलावणं आलं.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. आता मायलेकींचा तह झाला होता. फोटो पद्मिनी काढायची, पुसायचंही तिनेच, सरस्वती काढायची आईने. सरस्वतीचा शेवटचा आकडा काढता काढता शैलजाबाई म्हणाल्या, “तुझं ते जानेवारीतलं भाषण. मला समजेल असं सांग बरं, काय सिद्ध केलंस ते.”

“तो माणूस, आई. रस्ते बदलत राहिले, तरी तो घरी येतो. नेहमी.”

“नेहमी?”

“ऑलवेज.”

“आणि रस्ते भराभर बंद व्हायला लागले तर? आज एक, उद्या दोन, परवा चार. हा बापडा चालतोय आपला नाण्याने. तो यायच्या आत घराकडचेच रस्ते संपले तर?”

“नाही, तसं होत नाही. कारण...” पद्मिनीने खडू उचलला. “इट्स ऑब्व्हियस. कारण...”

खडू माझ्यावर टेकला. तिथेच राहिला.

“आई, एक मिनिट.”

ते मिनिट दुपारपर्यंत चाललं. श्रीखंड टेबलावर पातळ झालं. शैलजाबाई दोनदा दारात येऊन परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा पद्मिनी त्यांच्याच फोनमध्ये जुने फोटो शोधत होती. तो सापडला. सगळं काम, स्टूल, झेंडू.

“या फुलांच्या मागे काय होतं?” तिने विचारलं. मला विचारलं की आईला, कोण जाणे. दोघांपैकी एकालाच माहीत होतं, आणि त्याला तोंड नव्हतं.

मग तिने हळूच डोळे मिटले. तिला आठवलं.

शैलजाबाई खुर्चीवर बसल्या. “मी पुसलं ना ते?”

पद्मिनीने फोन खाली ठेवला. “तू पुसलंस,” ती म्हणाली. “विसरले मी.”

त्यानंतर सहा आठवडे तिने ती पायरी भरून काढायचा प्रयत्न केला. माझ्यावर इतकं लिहिलं, इतकं पुसलं, की मी खडूच्या धुक्यात तरंगत होतो. रस्ते हळू बंद झाले, तर तो परत येत होता. पण वेग वाढला, की काहीच सांगता येत नव्हतं. सिद्धताही नाही, आणि उलटं उदाहरणही नाही. शेवटी तिने लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि यतीनला सगळं दाखवलं.

तो बघत राहिला. “शिट यार,” तो म्हणाला.

“मी जर्नलला लिहिणार आहे. आणि व्याख्यानात सांगणार आहे.”

“थांब, थांब. पद्मिनी, माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग आहे. त्यात पहिल्या पानावर हाच पेपर आहे. ‘असामान्य योगदान’ लिहिलंय वकिलाने. तू जूनमध्ये सांग ना. जूनपर्यंत कोण मरतंय का यार त्या रस्त्यावर?”

“यतीन, लोक हा रिझल्ट वापरतायत. दोन पीएचडीची मुलं त्याच्यावर पुढचं काम करतायत.”

“आय नो. मला माहीत आहे ना.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “माझी मुलगी इथल्या शाळेत दुसरीत आहे. तुला नाही कळणार. तू इथेच जन्मलीस.”

पद्मिनीला माहीत होतं, ते खरं होतं. तिचे रस्ते कधी बंद होणार नव्हते. यतीनचे होऊ शकत होते. तिच्या एका पत्राने. ती म्हणाली, “तुझं नाव आहे त्याच्यावर. तू नाही म्हणालास तर मी आज पाठवणार नाही. पण ते व्याख्यान मी रद्द करेन. खोटं उभं राहून सांगता येणार नाही मला.”

तो पडद्यावरून गेला.

दोन दिवस माझ्यावर कोणी काही लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप वाजला. खोलीत शैलजाबाई होत्या. त्यांनीच उचलला.

“काकू, पद्मिनी आहे का?”

“अंघोळीला गेली आहे. अरे यतीन, जेवतोस ना नीट? चेहरा काय झालाय.”

“काकू, तिला सांगा, पत्र पाठव. माझं नाव पण टाक खाली. मी दोन दिवस शोधत होतो, कुठेतरी ती पायरी निघेल म्हणून. नाही निघत.” तो थोडा हसला. “आणि वकिलाला फोन केला मी. तो म्हणाला, असं स्वतःहून आजवर कोणी सांगितलं नाही. चांगलं की वाईट, ते मात्र नाही सांगितलं त्याने.”

शैलजाबाईंनी चष्मा पुसला. “पोरा, ते पुसलं मी होतं.”

“माहीत आहे काकू. पद्मिनीने नाही सांगितलं. फोटोत झेंडू दिसला.”

कडेला, चौकटीच्या बाहेर

व्याख्यान मी लॅपटॉपमधून पाहिलं. शैलजाबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, शाल घट्ट धरून. मोठं सभागृह, शेकडो माणसं. पहिल्या रांगेत यतीन होता. कॅलिफोर्नियाहून आला होता, कोणाचा तरी उसना, मापाने मोठा कोट घालून.

पद्मिनी म्हणाली, “चार वर्षांपूर्वी आम्ही एक प्रमेय छापलं. त्यात एक पायरी नाही. आज मी तुम्हाला ती पायरी कुठे नाही, ते दाखवणार आहे.”

पुढचा तासभर तिने तेच केलं. काय खरं आहे, ते सांगितलं: रस्ते हळू बंद झाले, तर माणूस परत येतो. प्रमेय लहान झालं होतं, पण त्याच्याखाली जमीन होती. मग काय माहीत नाही, ते सांगितलं. शेवटी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निदान लगेच नाही. एक म्हातारे गणिती उठले आणि त्यांनी विचारलं, “ही चूक तुम्हाला सापडली कशी?”

“माझ्या आईने प्रश्न विचारला,” पद्मिनी म्हणाली.

शैलजाबाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. “वेडी आहे,” त्या मला म्हणाल्या. “चारचौघांत माझं नाव काय घ्यायचं.” आणि मग लॅपटॉपवर टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्या डोळ्यांना पदर लावायला गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण स्वेटर घातला आहे.

त्या आधीच्या लेखाचं कौतुक आता कोणी करत नाही. यतीनच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. दर आठवड्याला तो स्टुलावर येतो, आणि दोघं भांडतात, तेही मराठी-इंग्रजीची खिचडी करून. ते उत्तर चांगलं येईल की नाही, मला सांगता येत नाही. मी फळा आहे, ज्योतिषी नाही.

पण व्याख्यानाहून परतली, त्या संध्याकाळी पद्मिनीने कोटसुद्धा काढला नाही. बुटांवरचा बर्फ खोलीत वितळत होता. तिने मला कोरडं पुसलं आणि तो प्रश्न लिहिला. कोपऱ्यात नाही, चौकटीत नाही. मधोमध, हात वर करून, खडू आडवा धरून. ‘रस्ते बंद होण्याचा वेग वाढत गेला तर?’ खाली सगळी जागा कोरी. मला वाटलं, एवढ्या वर्षांत एवढं मोठं आणि एवढं खरं माझ्यावर कोणी लिहिलं नव्हतं.

मित्रांनो, दगडाने काही मागू नये. तरी मागतो. वर्गात फळा पुसायची पाळी तुमची आली, तर डस्टर टेकवण्याआधी एकदा सगळ्या कडांवरून नजर फिरवा. कोणाचा तरी अर्धवट प्रश्न तिथे बसलेला असेल, तर त्याला आपल्या वहीत न्या. त्याला जागा थोडी लागते. आणि खडू तुमच्याच हातात असेल, तर जे येतं ते कुठेही लिहा. जे येत नाही, ते मात्र मागच्या बाकावरूनही वाचता येईल, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा.